एका दिवसाचे फूल

जालना जिल्ह्यात पोळ्याच्या सुमारास कपाशी ऐन भरात येते. अशा वेळी काळ्या रानाच्या बांधावर उभे राहिले, म्हणजे हिरव्या पानांतून जागोजाग फिकट पिवळसर फुले उमललेली दिसतात. सकाळी उमललेले फूल दुपारपर्यंत टवटवीत असते. संध्याकाळी त्याच्या पाकळ्या मिटू लागतात. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, मग तांबूस होऊन सुकते आणि थोड्याच दिवसांत गळून पडते. त्याच्या जागी एक इवलेसे हिरवे बोंड तेवढे राहते. रंग पालटणाऱ्या या फुलाचे उमललेले आयुष्य अवघ्या एका दिवसाचे असते.

ही गोष्ट बियाण्याच्या प्लॉटमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांना जितकी पक्की ठाऊक असते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. जालना हे शहर बियाण्यांच्या व्यवसायासाठी देशभर प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि पुढे या परिसरात संकरित बियाणे तयार करण्याचे काम वाढत गेले. कपाशीचे संकरित बी हाताने तयार करावे लागते. उद्या सकाळी कोणते पाते उमलणार, हे अनुभवी स्त्री नुसत्या नजरेने ओळखते. आदल्या दिवशी दुपारनंतर ती त्या मिटलेल्या पात्यातील पुंकेसर नखाने अलगद काढून टाकते आणि खूण करून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे ताजे फूल आणून त्याचे पराग ती या फुलाच्या कुक्षीवर हलकेच लावते. या कामाला शेतात ‘क्रॉसिंग’ म्हणतात. ते सकाळच्या काही तासांतच उरकावे लागते. वेळ टळली, की त्या फुलाला बोंड धरेलच असे नाही. ‘राहिलेले उद्या करू’ असे म्हणण्याची सोय या कामात नाही, कारण त्या फुलाला उद्या नसतो.

फुलाचे आयुष्य थोडे असते, हे शेतात राबणाऱ्या त्या स्त्रीला कळते आणि कवीलाही कळते. ती आपले काम वेळेवर करते. मग कवी काय करतो? शेकडो वर्षे निरनिराळ्या भाषांतील कवींनी फुलांवर आणि त्यांच्या कोमेजण्यावर कविता केल्या आहेत. फूल कोमेजते, ही काही नवी बातमी नव्हे. ती लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही कवींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगावीशी वाटली, याचा विचार करण्यासारखा आहे.

प्रथम कवीची नजर कशी असते ते पाहू. माघ-फाल्गुनात जिल्ह्याच्या उत्तरेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगांत पळस फुलतो. वर्षभर त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. त्याची रुंद पाने पत्रावळींना उपयोगी पडतात, एवढेच लोक जाणतात. परंतु पानगळ झाली, की त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर काळसर देठांची केशरी फुले लगडतात आणि दुरून पाहणाऱ्याला रान पेटल्याचा भास होतो. त्या फुलांना गंध नसतो, पण मध भरपूर असतो. म्हणून साळुंक्यांचा आणि इतर पाखरांचा त्यांवर दिवसभर गलबला चालतो. हा सारा सोहळा काही आठवड्यांचा असतो. रंगपंचमी उलटली, की झाडाखाली फुलांचा सडा सुकून जातो.

पळसाला संस्कृतात ‘किंशुक’ असे नाव आहे. ‘किम्’ म्हणजे काय आणि ‘शुक’ म्हणजे पोपट. ‘हा पोपट तर नव्हे?’ असा प्रश्नच त्या नावात दडलेला आहे. पळसाची वाकडी, अणकुचीदार पाकळी जवळून पाहिली, तर ती पोपटाच्या चोचीसारखी दिसते. ज्या कोणी हे नाव प्रथम उच्चारले असेल, त्याने त्या फुलाकडे घटकाभर टक लावून पाहिले असले पाहिजे. त्याला क्षणभर संशय आला आणि तो संशयच नाव होऊन राहिला. ज्या फुलाला पाहून ते नाव सुचले, ते फूल केव्हाच मातीस मिळाले. नाव मात्र आजही लोकांच्या ओठी आहे. कवितेचा जन्म अशाच रीतीने होतो.

अजिंठ्याच्या याच परिसरात, शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पळसखेडे नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच पळस आहे. ना. धों. महानोर हे कवी तेथलेच. १९४२ साली जन्मलेल्या महानोरांनी आयुष्यभर शेती केली आणि शेतात राहूनच कविता लिहिली. ‘रानातल्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७ साली निघाला. २०२३ साली त्यांचे निधन झाले. पिकाला आलेला फुलोरा त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही; तो त्यांच्या बांधावर होता. आणि पळस फुललेला असतो त्याच दिवसांत, २७ फेब्रुवारीला, शाळाशाळांतून मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. हा कवी कुसुमाग्रज यांचा जन्मदिवस. त्यांचे खरे नाव विष्णु वामन शिरवाडकर. त्यांच्या बहिणीचे नाव कुसुम, म्हणजे फूल. तिचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून ते कुसुमाग्रज झाले. मराठी भाषेचा गौरव ज्या कवीच्या नावाने होतो, त्याच्या नावातही असे एक फूल आहे.

फुलांचे हे वेड आजचे नाही. पैठणहून वाहत येणारी गोदावरी पुढे जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जाते. पैठणचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. ती सातवाहन राजांची राजधानी होती. त्या वंशातील हाल राजाने महाराष्ट्री प्राकृत भाषेतील सुमारे सातशे गाथा एकत्र केल्या, असे परंपरा मानते. तो संग्रह ‘गाथासप्तशती’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात राजवाडे थोडे आहेत. गावे, शेते, नदीकाठ आणि कष्टकरी माणसे फार आहेत. मोहाची फुले, आंब्याचा मोहोर, पावसाळ्यातील कदंब हे सारे त्या दोन-दोन ओळींच्या कवितांतून भेटते. फूल उमलले म्हणजे कोणी तरी भेटणार आणि फुलांचा हंगाम सरला म्हणजे कोणाची तरी ताटातूट होणार, असे तेथे सुचविलेले असते. कवीला फुलातून माणसाच्या मनाचा ऋतू सांगावयाचा असतो.

संस्कृत कवी कालिदास याने तर फुलाच्या कोमलतेतून एक मोठा प्रश्नच विचारला. ‘रघुवंश’ या महाकाव्याच्या आठव्या सर्गात अज राजा आणि त्याची राणी इंदुमती यांची कथा आहे. दोघे उद्यानात असताना आकाशमार्गाने नारदमुनी चालले होते. त्यांच्या वीणेवरील दिव्य फुलांची माळ वाऱ्याने निसटली आणि इंदुमतीच्या अंगावर पडली. त्या स्पर्शाने तिचे प्राण गेले. तलवारीने मृत्यू यावा, विषाने यावा, हे माणसाला समजते. परंतु फुलांनी मृत्यू यावा हे कसे समजावे? अज राजा शोक करतो तो या विचाराने. फूल नाजूक, परंतु माणसाचे आयुष्य त्याहून नाजूक, ही गोष्ट कालिदासाने उपदेश न करता एका माळेतून दाखविली. म्हणूनच ती वाचणाऱ्याच्या मनाला भिडते.

आयुष्य क्षणभंगुर आहे, हे सांगण्यात आपल्या संतांनी कधी संकोच केला नाही. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान. शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव नारायण. ते बारा वर्षांचे असताना त्यांच्या विवाहाचा प्रसंग आला, मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. या कथेतील मुलगा हा पाठ वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता. ‘सावधान’ हा शब्द तेथे जमलेल्या सर्वांनीच ऐकला असेल. त्याचा अर्थ मात्र त्याने एकट्याने मनावर घेतला.

पुढे समर्थांनी ‘दासबोध’ हा ग्रंथ रचला. त्यातील तिसऱ्या दशकाचा नववा समास मृत्युनिरूपणाचा आहे. मृत्यू लहान-थोर, राजा-रंक असा भेद जाणत नाही, हे त्यात अत्यंत परखडपणे सांगितले आहे. परंतु याच समर्थांनी ‘बागप्रकरण’ नावाची एक रचनाही केली आहे. त्यात बागेत लावण्याजोग्या झाडाझुडपांची आणि वेलींची नावे ओळीने गुंफलेली आहेत. मृत्यूचे निरूपण करणारा विरागी पुरुष बागेतील झाडांची नावे एवढ्या आवडीने का मोजतो, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु या दोहोंत विरोध नाही. सर्व काही नाशिवंत आहे हे ज्याला खरोखर कळले, तो जगाकडे पाठ फिरवीलच असे नाही. उलट, जे थोड्या काळासाठी लाभले आहे त्याकडे तो अधिक सावधपणे पाहील, त्याला नावाने ओळखील. समर्थांच्या या दोन रचना एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे ‘सावधान’ या शब्दाचा हाही अर्थ ध्यानात येतो.

आधुनिक मराठी कवितेत फुलाला मानाचे स्थान दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. फुले आणि मुले हे त्यांच्या आवडीचे विषय. त्यामुळे ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले गेले. ‘वनवासी फूल’ ही त्यांची दीर्घ कविता प्रसिद्ध आहे. रानात एकटे फुललेले, कोणी न पाहिलेले फूल वाया गेले काय, हा विचार त्यांना सतावीत असे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील त्यांच्या घरी काही काळ एक तरुण कवी राहत होता. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. सारा महाराष्ट्र त्याला ‘बालकवी’ म्हणून ओळखतो.

हे नाव त्याला कसे मिळाले, ती हकिकत मनोरंजक आहे. १९०७ साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ व्यवसायाने वैद्य आणि अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ आजही मान्यता पावलेला आहे. फुलाच्या प्रत्येक पाकळीची मोजदाद करणाऱ्या या शास्त्रज्ञाने सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलाची कविता ऐकली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. शास्त्रज्ञ आणि कवी हे एकमेकांपासून दूर असतात, असा समज आहे. परंतु फुलापुढे दोघेही थांबतात आणि निरखून पाहतात.

बालकवींची ‘फुलराणी’ ही कविता पुष्कळांच्या परिचयाची आहे. हिरव्या माळावरची एक कोवळी कळी. सूर्याच्या किरणाशी तिचे मन जडते आणि पहाट होताच त्या दोघांचे लग्न लागते. साऱ्या सृष्टीला त्या लग्नाची घाई झालेली असते. विचार केला तर या लग्नाचा अवकाश किती? एका सकाळचा. ऊन चढले की दव नाहीसे होणार, दिवस सरला की पाकळ्या मिटणार. बालकवींना हे ठाऊक नव्हते काय? त्यांना ते पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी त्या कवितेत कोमेजण्याचे दुःख आळविले नाही. एका सकाळीला त्यांनी राजघराण्यातील लग्नसोहळ्याची शोभा दिली. आयुष्य लहान आहे म्हणून ते क्षुद्र ठरत नाही, हेच जणू त्यांना सांगावयाचे होते. त्यांचे स्वतःचे आयुष्यही फुलासारखेच अल्प ठरले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली येथे रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

फुलाचे अल्पायुष्य हा आपल्याच देशातील कवींचा विषय आहे, असे नाही. जपानात वसंत ऋतूमध्ये चेरीची झाडे फुलतात. त्या फुलांना तेथे ‘साकुरा’ म्हणतात. एका झाडाचा बहर आठवडा-दीड आठवडा टिकतो. पाऊस-वारा आला, तर तेवढाही टिकत नाही. ही फुले पाहण्यासाठी माणसे मुद्दाम घराबाहेर पडतात, झाडाखाली बसतात, गळणाऱ्या पाकळ्यांकडे पाहतात. समर्थ रामदासांच्या हयातीतच, १६४४ साली, तेथे बाशो नावाचा कवी जन्मला. त्याने हायकू या अगदी छोट्या कवितेला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. जपानी हायकू सतरा ध्वनींत संपतो. क्षणभर टिकणाऱ्या गोष्टीसाठी तेवढीच कविता पुरेशी आहे, असे त्या कवींना वाटले असावे. मराठीत हा काव्यप्रकार रुजविण्याचे श्रेय कवयित्री शिरीष पै यांना दिले जाते.

येथवर वाचल्यावर एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या मनात एक शंका येईल, आणि ती योग्यच आहे. फूल गळते याचे कवीला कौतुक वाटत असेल. परंतु ज्याचे घर त्या फुलावर अवलंबून आहे, त्याला काय वाटते? जालना जिल्हा मोसंबीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. मोसंबीचा बहर धरण्याची एक रीत आहे. आंबे बहार धरावयाचा असेल, तर थंडीच्या दिवसांत काही काळ बागेचे पाणी तोडतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. झाडाची पाने पिवळी पडतात, काही गळतातही. मग मशागत करून, खत घालून पाणी सोडले, की त्याच झाडावर नवी पालवी आणि पांढऱ्या सुवासिक फुलांचे झुबके येतात. सारा मळा घमघमून जातो आणि मधमाश्यांचा गुंजारव दिवसभर ऐकू येतो. ‘बहार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ वसंत ऋतू असा आहे. मोसंबीचा शेतकरी ‘बहार धरतो’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत ‘वसंत धरतो’ असेच म्हणत असतो.

परंतु त्या असंख्य फुलांपैकी फार थोड्यांचीच फळे होतात. बाकीची गळतात. इतकी फुले पोसणे झाडाला शक्यच नसते, म्हणून ही गळ स्वाभाविक आहे. शेतकरी तिची खंत करीत नाही. मात्र तूर फुलोऱ्यात असताना दाट धुके पडले, किंवा कपाशीला पाण्याचा ताण पडून पातेगळ झाली, तर त्याच्या जिवाला घोर लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालना जिल्ह्यातील कितीतरी मोसंबीच्या बागाच वाळून गेल्या. पोरासारखी वाढविलेली झाडे शेतकऱ्यांना आपल्या हातांनी तोडावी लागली. ज्या झाडावर पुढल्या वर्षी फुले यावयाची, ते झाडच उरले नाही. अशा वेळी ‘जगात सारे नश्वर आहे’ हे वाक्य कोणी शांतपणे ऐकविले, तर त्याने कोणाचे समाधान व्हावे?

म्हणून या दोन प्रकारच्या गळण्यांतील भेद ओळखला पाहिजे. कपाशीचे फूल गळते आणि बोंड धरते. त्या फुलाचे काम पूर्ण झालेले असते. झाडाला पाकळ्या टवटवीत राखावयाच्या तर पाणी आणि अन्न खर्च करावे लागते; फलन झाल्यावर तो खर्च झाड थांबविते आणि सारे बळ फळाकडे वळविते. हे गळणे म्हणजे एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे होय. परंतु धुक्याने, दुष्काळाने जे गळते, ते अकाली गळते, आणि त्याचे दुःख खरे असते. चांगला कवी या दोहोंची सरमिसळ करीत नाही. पहिल्या गळण्यात तो सृष्टीचा क्रम पाहतो आणि मनाला धीर देतो. दुसऱ्या गळण्यापुढे तो उपदेश करीत बसत नाही. दुःखिताजवळ बसून त्याच्या दुःखाला शब्द देतो. कालिदासाने अज राजाला मनसोक्त रडू दिले, ते याचसाठी.

असे शब्द देण्याचे काम केवळ शिकल्यासवरल्या कवींनी केले, असे मानू नये. जुन्या काळी गावोगावी पहाटे जात्याची घरघर सुरू होई आणि तिच्या सुरावर स्त्रिया ओव्या म्हणत. माहेर, भाऊ, लेकरे, पंढरीचा विठोबा आणि अंगणातील फुलझाडे हे सारे त्या ओव्यांत येई. पीठ दळून होई तशी ओवीही सरे. ती कोणी लिहून ठेवीत नसे. ती एका पहाटेचे फूलच होती. पुढे गावात पिठाच्या गिरण्या आल्या, जाती मुकी झाली आणि हजारो ओव्या म्हणणाऱ्यांबरोबरच नाहीशा झाल्या. हेमा राईरकर व गी पॉईतवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी जाऊन, वृद्ध स्त्रियांजवळ बसून, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्यांतील काही धन आज उरले आहे.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांची गोष्टही अशीच आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचीत व म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी वेळीच कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. आचार्य अत्रे यांनी ती गाणी पाहिली, त्यांचे मोल ओळखले आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या दिवशी सोपानदेवांनी आईचे पहिले गाणे लिहून घेतले, त्या दिवशी त्यांनी कंटाळा केला असता, तर मराठी भाषेचे किती मोठे नुकसान झाले असते! कपाशीच्या रानात सकाळची वेळ न चुकविणारी स्त्री आणि आईचे गाणे वेळीच टिपणारा मुलगा, या दोघांनी एकाच जातीचे काम केले.

कवी फुलाचे काय करतो, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. कवी फुलाला अमर करू शकत नाही. ती शक्ती कोणालाच नाही. वहीच्या पानांत दाबून ठेवलेले फूल टिकते, पण त्याचा रंग उडतो आणि गंध जातो. कवी फूल टिकवीत नाही; ते पाहताना मनात जे उमटले, ते टिकवितो. फुलाला उद्या नाही, हे ठाऊक असल्यामुळे तो आज नीट पाहतो. आणि त्याचे ते पाहणे शब्दांत आले, की दोन हजार वर्षांनंतरही दुसऱ्याच्या उपयोगी पडते. फुले जर कायम टिकणारी असती, तर ‘पाहू केव्हा तरी’ असे म्हणून माणसाने त्यांच्याकडे कदाचित कधीच पाहिले नसते आणि किंशुकाला त्याचे नावही मिळाले नसते.

पुष्कळ शाळांच्या अंगणात पारिजातकाचे झाड असते. त्याची फुले संध्याकाळी उमलतात, रात्रभर दरवळतात आणि उजाडण्याच्या सुमारास गळू लागतात. मुले शाळेत येईपर्यंत केशरी देठांचा पांढरा सडा जमिनीवर पडलेला असतो. घंटा होण्यापूर्वी एखादी मुलगी त्यांतील चार फुले ओंजळीत घेऊन वास घेते, तर दुसरा मुलगा त्यांना चुकवून हलकेच पाऊल टाकतो. त्या दोघांनी अजून कविता लिहिलेली नसते. परंतु कवितेसाठी लागणारी सावधानता त्यांच्या ठायी आलेली असते. ऊन चढेपर्यंत ती फुले सुकतात. झाडावर मात्र त्याच वेळी संध्याकाळच्या कळ्या तयार होत असतात.